माळ्यावर राखणीला झोपताना डास अडवायचे कसे

दसऱ्याच्या आगेमागे भाताच्या लोंब्या भरायला लागतात आणि बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीपासून नंदगड-गुंजीपर्यंत, शिवाराशिवारात माळे, म्हणजे खांबांवर बांधलेली राखणीची मचाणं, उभे राहतात. रानडुकरांचा कळप एका रात्रीत अख्खं खाचर लोळवून जातो, गवे बांध तुडवतात. म्हणून कापणी होईपर्यंत घरातलं कुणीतरी रात्री शेतातच असतं. डुकराला हाकलायला पत्र्याचा डबा आहे, बॅटरी आहे, फटाके आहेत. डासासाठी बहुतेकांकडे एक घोंगडं आणि विझत आलेली शेकोटी, एवढंच.

मच्छरदाणी नेणारेही असतात, पण सकाळी तेही अंग खाजवतच घरी येतात. त्याची कारणं दोन. माळ्याचा तळ खालून उघडा असतो, आणि राखणीचं काम असल्यामुळे रात्रीतून पाच-सहा वेळा जाळीतून बाहेर पडावं लागतं. घरातल्या खाटेसाठी शिवलेली मच्छरदाणी या दोन्ही गोष्टी धरून शिवलेली नसते. माळ्यासाठी ती वेगळी शिवून घ्यावी लागते. खर्च फार नाही, पण विचार करून शिवावी लागते, आणि हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

शिवारातले डास आणि त्यांची वेळ

गावातल्या गटारीत वाढणारा डास वेगळा आणि खाचरातला वेगळा. भाताच्या साचलेल्या पाण्यात क्युलेक्स आणि अ‍ॅनॉफेलीस या दोन्ही जातींचे डास वाढतात. डोंगराच्या पायथ्याला संथ वाहणाऱ्या स्वच्छ ओहोळाच्या कडेलाही मलेरिया पसरवणारे अ‍ॅनॉफेलीस अंडी घालतात. त्यामुळे ‘आमच्या शेतात घाण नाही, डास कुठले?’ हे म्हणणं शिवारात लागू पडत नाही. खाचरातल्या काही क्युलेक्स डासांमुळे जपानी मेंदूज्वर पसरू शकतो. त्याचा विषाणू डुकरं आणि बगळे यांच्या अंगात वाढतो, आणि भातशेतीत हे दोन्ही आलेच.

ओळखायला सोपी खूण आहे. भिंतीवर किंवा कापडावर बसलेला डास मागचा भाग वर करून तिरका बसला असेल तर तो अ‍ॅनॉफेलीस. अंग बसल्या जागेला समांतर ठेवून बसला तर क्युलेक्स. पाण्यातल्या अळ्यांचं उलटं असतं: अ‍ॅनॉफेलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून असते, तर क्युलेक्सची डोकं खाली करून लोंबकळते. खाचराच्या कडेचं पाणी पांढऱ्या वाटीत घेऊन पाहिलं की लगेच कळतं.

हे दोन्ही डास सांजावल्यापासून पहाटेपर्यंत चावतात. दिवेलागणीला पहिली लाट येते, ती सगळ्यांना जाणवते. पण अ‍ॅनॉफेलीसच्या काही जाती मध्यरात्रीच्या आसपास जास्त चावतात, म्हणजे माणूस गाढ झोपेत असताना. ‘नऊनंतर डास कमी झाले’ म्हणून जाळी बाजूला सारणाऱ्यांना ताप गाठतो तो यामुळेच.

माळा कुठे आणि कसा

डास उडण्यात दुबळा असतो. अंगावर नीट जाणवेल असा वारा असला तर तो माणसाजवळ टिकत नाही. पावसाळ्यात घाटमाथ्यावरचा वारा आपलं काम करून जातो. पाऊस गेला की रात्री हवा पडते, आणि नेमकं तेव्हाच भात भरलेलं असतं. तेव्हा जो थोडाफार वारा आहे तो मिळेल अशीच जागा धरावी. खाचरांच्या मधोमध, ओहोळाला लागून किंवा झुडपांच्या आडोशाला माळा घालू नये. शेताच्या चढाच्या बाजूला, मोकळ्यावर घालावा. आठ-दहा फूट उंची असली तर वाराही लागतो आणि नजरही लांब जाते. उंचीवर डास कमी येतात, पण येतात.

माळ्याखाली बैल किंवा म्हैस बांधायची सवय काही ठिकाणी आहे. जनावराच्या अंगाच्या वासाने आणि उबेने डास तिथे गोळा होतात, आणि वर झोपलेला माणूस त्यांना सापडतोच. जनावर लांब बांधा.

खांबांसाठी बांबू वापरत असाल तर त्याचं वरचं टोक पेराच्या लगेच वर कापा. पेराच्या खूप वर कापलं तर वरची पोकळ नळी पावसाच्या पाण्याने भरते आणि त्यात डेंगीचा डास वाढतो, जो दिवसा चावतो. आधीच कापलेल्या टोकांत माती किंवा वाळू ठासून भरा.

एक गोष्ट डासांच्या पलीकडची, पण सांगायलाच हवी. तुमच्या शिवारात हत्तीचा वावर असेल त्या रात्री माळ्यावर झोपू नका. हत्तीपुढे बांबूचे चार खांब काहीच नाहीत. वन खात्याला कळवा आणि घरी राहा.

आधी तळ

माळ्याची बैठक म्हणजे बांबू किंवा फाट्यांची आडवी मांडणी. दोन फाट्यांत बोट जाईल एवढी फट असतेच. त्यावर गवताची पेंढी, वर पोतं, वर वाकळ. डास पेंढीतून वाट काढून वर येतो. वाकळ पातळ असेल, कुठे घडी सरकली असेल, तर पाठीला आणि पोटऱ्यांना खालूनच चावतो. वरून कितीही चांगली जाळी लावली तरी याचा बंदोबस्त होत नाही.

बैठकीवर पेंढी पसरा, त्यावर अखंड ताडपत्री अंथरा. ताडपत्री माळ्याच्या बैठकीपेक्षा चारही बाजूंनी वीतभर मोठी हवी, म्हणजे कडा खाली दुमडून सुतळीने बांधता येतात. ताडपत्रीवर चटई, चटईवर वाकळ. ताडपत्रीमुळे खालून येणारा गारवा आणि दवही अडतं. खताच्या रिकाम्या पिशव्या उसवून जोडलेला तळही चालतो, फक्त शिवणीच्या जागी फट नको आणि पिशव्या आधी स्वच्छ धुतलेल्या हव्यात.

जमिनीवर खोपीत झोपत असाल तर तळाचं महत्त्व आणखी वाढतं. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. तिचा दंश बरेचदा जाणवतही नाही. चारही बाजूंनी अंथरुणाखाली घट्ट खोचलेली मच्छरदाणी मण्यारीलाही अडवते. सर्पदंशाच्या बाबतीत डॉक्टर हाच सल्ला देतात. माझ्या मते शेतात झोपणाऱ्या प्रत्येकाने मच्छरदाणी वापरावी, याला एवढं एक कारण पुरेसं आहे.

जाळी निवडणं आणि मापं

बेळगावच्या खडेबाजारात, पांगुळ गल्लीत मच्छरदाणीचं कापड मीटरवर मिळतं. घेताना पट्टी लावून छिद्रं मोजा. एका इंचात साधारण १२-१३ छिद्रं, म्हणजे एका चौरस इंचात १५६ च्या आसपास, हे डासासाठी चांगलं प्रमाण आहे. चिलटं याहूनही बारीक असतात, ती या जाळीतून येतात. त्यांच्यासाठी अजून बारीक जाळी घेतली तर वारा अडतो आणि आत घुसमटतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात मी तरी वाऱ्याच्या बाजूने कौल देईन.

पॉलिस्टरची जाळी घ्या. सुती जाळी दवाने भिजून जड होते, खाली लोंबते आणि तिला बुरशी धरते.

रंगाचा विचार सहसा कुणी करत नाही, पण राखणीला तो महत्त्वाचा आहे. पांढऱ्या जाळीतून बाहेर बॅटरी मारली की उजेड जाळीवरच पसरतो, डोळे दिपतात, आणि खाचराच्या कडेला काय हललं ते दिसत नाही. गडद हिरव्या किंवा काळ्या जाळीतून बाहेरचं कितीतरी स्वच्छ दिसतं. उलट आत शिरलेला डास शोधायला पांढरं कापड बरं. म्हणून बाजू गडद जाळीच्या आणि वरचं छत पांढऱ्या सुती कापडाचं, अशी जोड करा. आत आलेले डास बरेचदा वर जाऊन बसतात, तिथे ते लगेच दिसतात. सुती छतामुळे वरून गळणारा कचरा आणि दवही अडतं. बॅटरी मारायची तेव्हा तिचं तोंड जाळीला टेकवून मारा.

आता मापं. एका माणसाचं अंथरूण ६ फूट लांब आणि ३ फूट रुंद धरा. मच्छरदाणी साडेसहा फूट लांब, साडेचार फूट रुंद आणि साडेचार फूट उंच ठेवा. उंची एवढी असली की आत मांडी घालून बसता येतं, आणि राखणीत माणूस बसलेलाच जास्त असतो. रुंदीतली जादा जागा कशासाठी, तर झोपेत कोपर किंवा गुडघा जाळीला टेकला की डास बाहेर बसून जाळीतूनच चावतो.

याच कारणासाठी चारही बाजूंना खालचा एक फूट जाळीऐवजी साध्या जाड सुती कापडाचा करा. झोपलेल्या माणसाचं अंग याच उंचीत येतं. त्याखाली आणखी एक फूट तेच कापड अंथरुणाखाली खोचायला ठेवा. म्हणजे वरून साडेतीन फूट जाळी, मग दोन फूट कापड, त्यातलं अर्धं खोचलेलं. चार बाजूंचा घेर २२ फूट होतो, दारासाठी दोन फूट जास्त धरले तर २४ फूट, म्हणजे साडेसात मीटर लांबीचं कापड पुरतं. छताला साडेसहा बाय साडेचारचा तुकडा लागतो. शिवणीत जाणारं माप वेगळं धरा. गावातला शिंपी हे काम सहज करून देईल. त्याला शिवण दुहेरी घालायला आणि छताच्या चारही कोपऱ्यांना आणि लांब बाजूंच्या मध्यावर नाडी लावायला सांगा. सहा नाड्यांनी छत ताणलेलं राहतं, मधे झोळ पडत नाही.

दार

जाळी उचलून बाहेर पडणं आणि परत आत येऊन खोचणं, हे अंधारात, घाईत, हातात बॅटरी आणि डबा असताना नीट होत नाही. बांधावर खसखस ऐकू आल्यावर कुणी जाळी खोचत बसत नाही. परत येईपर्यंत ती बाजू उघडीच राहते आणि आत दहा-बारा डास वाट बघत असतात.

म्हणून लांब बाजूला, माळ्याच्या शिडीकडे, दोन पदरांचं दार ठेवा. कापडाची दोन टोकं एकमेकांवर दोन फूट चढतील अशी शिवायची, वरच्या कडेला पक्की, खाली मोकळी. वाऱ्याची बाजू बघून बाहेरचा पदर त्या दिशेला ठेवायचा, म्हणजे वारा दार उघडण्याऐवजी दाबून धरतो. दोन्ही पदरांच्या खालच्या कडेला बोटभर रुंद दुमड घालून त्यात बारीक खडे किंवा लोखंडी वायसर भरायचे. वजनामुळे पदर आपोआप खाली पडतो आणि तळाला चिकटून बसतो. दाराच्या जागी खोचायला काही नको. सरकत बाहेर जायचं, पदर मागे आपोआप पडतो.

साखळीचं दार, म्हणजे चेन, लावता येते. पण धूळ-चिखलाने ती अडकते, आणि नेमकी घाईच्या वेळी. वजनाचा पदर बिघडत नाही.

आत येतानाची पद्धत ठरवून घ्या. शिडीवरच थांबून अंगावरून आणि डोक्यावरून टॉवेल झटकायचा, बॅटरी बंद करायची, मग पदर कमरेएवढाच उचलून बसूनच आत सरकायचं. उभं राहून दार पूर्ण उघडायचं नाही. हे सवयीने जमतं.

औषध लावलेली जाळी

कीटकनाशक धाग्यातच मुरवलेल्या मच्छरदाण्या मिळतात. मलेरियाच्या कामात आरोग्य खातं अशाच जाळ्या वाटतं. त्यांच्यावर डास बसला की मरतो किंवा निघून जातो, त्यामुळे जाळीला अंग टेकलं तरी धोका कमी. त्या साधारण २० धुण्यांपर्यंत किंवा तीन वर्षांपर्यंत काम करतात. नवी जाळी पाकिटातून काढली की आधी २४ तास सावलीत वाऱ्याला टाका. धुताना साधा साबण, गार पाणी, ब्लीच नाही. सावलीत वाळवा, कारण उन्हाने औषध उतरतं. धुतलेलं पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, माशांना ते विष आहे. अशी जाळी हाती लागली तर वर सांगितलेलं खालचं कापड आणि दार तिलाच जोडून घ्या.

शेतात फवारायचं कीटकनाशक मच्छरदाणीवर कधीही मारू नका. नाव तेच असलं तरी त्यातले द्रावक आणि त्याची तीव्रता पिकासाठी असते. रात्रभर त्या वासात झोपणं जिवावर बेतू शकतं.

संध्याकाळचा क्रम

सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी माळ्यावर पोहोचा. जाळी आधीच टांगलेली असली तरी खालची कड चारही बाजूंनी तपासून खोचा. अंथरूण झटका. मग आत बसून, दार पाडून, बॅटरीने छत आणि कोपरे पाहा आणि आत असलेले डास तिथेच मारा. जेवण शक्यतो घरून करूनच या. डबा आणला असेल तर आत बसून खा.

अंगात पूर्ण बाह्यांचा सैल सदरा आणि पायघोळ कपडा असावा. फिकट रंगाकडे डास कमी येतात. घट्ट कपड्यातून डास चावतो, सैल कपड्यात त्याची सोंड कातडीपर्यंत पोहोचत नाही. पायात मोजे घाला, कारण डास घोट्याला सगळ्यात आधी शोधतो.

पांढऱ्या दिव्यापेक्षा पिवळसर उजेडाकडे किडे कमी येतात. दिवा पेटता ठेवायचाच असेल तर तो माळ्यापासून लांब, बांधावर ठेवा. डुकरालाही तो दिसतो.

पावसाची सर आली तर वरून टाकलेली ताडपत्री आणि जाळीचं छत यांत वीतभर अंतर असावं. चिकटली तर पाणी आत झिरपतं आणि हवाही कोंडते.

धूर, कॉइल आणि मलम

शेणीच्या धुरात निरगुडीचा किंवा कडुनिंबाचा पाला टाकायची आपली जुनी रीत आहे. धुराच्या पट्ट्यात डास कमी होतात हे खरं, पण वारा फिरला की धूर जातो तिकडे आणि डास येतात इकडे. शिवाय गवताने शाकारलेला माळा, खाली वाळलेली पेंढी आणि समोर पिकलेलं भात असताना झोपलेल्या माणसाच्या भरवशावर विस्तव ठेवणं धोक्याचं आहे. शेकोटी करायचीच असेल तर संध्याकाळी, माळ्यापासून पंधरा-वीस पावलांवर, मोकळ्या जमिनीवर करा आणि झोपण्याआधी पाणी टाकून विझवा.

कॉइल जाळीच्या आत कधीच नको. पॉलिस्टरला ठिणगी लागली की ते वितळत पेटतं. बंद खोलीत जळणाऱ्या एका कॉइलमधून निघणारा बारीक धूर ७५ ते १३७ सिगारेटींएवढा भरल्याचं मोजणीत दिसलं आहे. माळ्यावर तो वाऱ्याने उडून जातो, म्हणजे डासांसाठीही उपयोग नाही.

मलमाचं काम वेगळं. जाळीबाहेर असताना, बांधावर फेरी मारताना ते लागतंच. ओडोमॉससारखं मलम किंवा डीट असलेलं औषध हातापायांना, मानेला, कानामागे लावा. डोळे, ओठ आणि जखमा टाळा. पाकिटावर लिहिलेले तास संपले की परत लावा, आणि घाम आला तर त्याआधीच. सिट्रोनेलाचं तेल वासाला चांगलं, पण फार वेळ टिकत नाही.

आजूबाजूचं पाणी

अंड्यापासून उडणारा डास व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस पुरतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा माळ्याभोवती फेरी मारून साचलेलं पाणी ओतलं तरी बरंच काम होतं: ट्रॅक्टरच्या चाकाचे खड्डे, फुटकी घागर, ताडपत्रीच्या घडीत जमलेलं, पंपाजवळचं डबकं. खाचरातलं पाणी मध्ये तीन-चार दिवस आटू दिलं तर अळ्या मरतात आणि भाताचं बिघडत नाही. मात्र फुलोऱ्यात पाणी तोडू नका, दाणा पोचट राहतो. इंटाणसारख्या उशिरा येणाऱ्या भाताला हे सांभाळावं लागतं.

शेतातल्या कृषी होंडात, म्हणजे शेततळ्यात, गप्पी मासे सोडा. ते अळ्या खातात. आरोग्य केंद्रात विचारलं तर मिळतात. ओढ्यात किंवा नदीत मात्र सोडू नका, तिथल्या आपल्या माशांना ते त्रासाचे होतात.

निपाणी-चिकोडी-अथणीकडच्या ऊसपट्ट्यात माळ्याऐवजी तोडकऱ्यांच्या खोपी असतात. तिथे जमीन, ओल आणि लहान मुलं, तिन्ही आलं. खोप पाटाच्या पाण्यापासून लांब घाला, तळाला ताडपत्री घाला आणि मुलांना वर सांगितल्यासारखी खोचलेली जाळी पहिल्यांदा द्या. ती संध्याकाळी लवकर झोपतात, म्हणजे डासांच्या पहिल्याच लाटेत.

ताप आला तर

राखणीचे दिवस चालू असताना किंवा संपल्यावर महिनाभरात थंडी वाजून ताप आला तर नुसती तापाची गोळी घेऊन बसू नका. मलेरियाचा ताप चावल्यानंतर साधारण नऊ ते अठरा दिवसांनी येतो, कधी त्याहून उशिरा. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची तपासणी फुकट होते, आणि गावातल्या आशाताईंना सांगितलं तर त्याही रक्त घ्यायची व्यवस्था करतात. रात्री शेतात झोपत होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. तापाबरोबर बडबड, झटके किंवा बेशुद्धी असेल तर वाट न बघता थेट मोठ्या दवाखान्यात न्या. तपासणीत व्हायवॅक्स मलेरिया निघाला तर तीन दिवसांच्या क्लोरोक्वीनबरोबर प्रायमाक्वीनच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात, कारण त्याचे जंतू यकृतात दडून राहतात आणि काही महिन्यांनी ताप परत येतो. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या सोडायच्या नाहीत. बाई गरोदर असेल तर गोळी घेण्याआधीच डॉक्टरांना सांगायचं, कारण प्रायमाक्वीन तिला देत नाहीत.